लाकडाची मासोळी

हाताने काम करणारे आणि डोक्याने काम करणारे अशी माणसांची दोन निराळी कुळे आहेत, असा एक समज आपल्या समाजात फार जुन्या काळापासून घट्ट बसलेला आहे. शाळेत तो अधिकच घट्ट होतो. गणितात ज्यास गती आहे त्याने सुतारकामाच्या तासास रमावे, हे त्याच्या पालकांस कमीपणाचे वाटते. आणि ज्याच्या हातचा रंधा सरळ चालतो, त्याच्या वाट्यास बहुधा "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा येतो. हा समज खोटा आहे, इतकेच नव्हे तर घातकही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. थोर तत्त्ववेत्त्यांची वचने पुढे करून ते मांडता येईल. परंतु तो मार्ग सोडून आम्ही एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूची साक्ष काढणार आहोत. ती वस्तू म्हणजे वीतभर लांबीची, लाकडाची, रंगवलेली मासोळी.

ही मासोळी खेळणे नव्हे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, विशेषतः मॅसॅच्युसेट्स प्रांतातील केप कॉड व न्यूयॉर्कजवळील माँटॉक या भागांत, फुटत्या लाटांत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गळाने मासे धरणाऱ्यांचा मोठा संप्रदाय आहे. आपल्या कोकणात ज्यास गरवणे म्हणतात, त्याचाच हा प्रकार. परंतु हे लोक पुष्कळदा गळाला कोलंबी अथवा मांसाचा तुकडा न लावता लाकडाची मासोळी लावतात, ती लांब काठीने लाटांपलीकडे भिरकावतात आणि दोर गुंडाळीत ती अशा रीतीने ओढतात की, मोठ्या माशास ती जिवंत भासावी. तिला ते 'प्लग' म्हणतात. बाजारात ती तयार मिळते. तथापि अनेक जण आजही ती घरच्या कारखान्यात स्वतः घडवतात.

हा किनारा आपणांस अगदीच परका नाही. १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांतील गॉर्डन हॉल हे जन्माने त्याच प्रांतातले. महाराष्ट्रातील कित्येक मिशन शाळांचे मूळ त्या घटनेशी जाऊन पोहोचते. त्याहूनही नवलाची गोष्ट अशी की, त्या प्रांतात शाळा आणि मासा यांचे नाते त्याच्याही पूर्वीचे आहे. या प्लगाने जो मुख्यत्वे धरला जातो, तो अंगावर सात-आठ काळ्या रेघा असलेला पट्टेरी बास. हा मासा शेतात खत म्हणून वापरू नये, असा निर्बंध मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ सालीच घातला. आणि १६७० साली शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल व हेरिंग या माशांपासून येणारे सरकारी उत्पन्न एका सार्वजनिक शाळेसाठी लावून दिले. ज्या माशाने एके काळी शाळा चालवली, त्याच्याकडून आपल्या शाळांनीही एखादा धडा घेण्यास हरकत नसावी.

आता ही मासोळी घडते कशी ते पाहू. प्रथम लाकडाची निवड. सीडर जातीचे लाकूड हलके. ते पाण्यावर उंच तरंगते, पण खडकावर आपटून लवकर चेपते. मेपल जड व चिवट. त्याची मासोळी दूर फेकली जाते, मात्र पाण्यात खोल बसते. भूर्जाचे लाकूडही वापरतात. ज्या हिमालयीन भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, त्याच्याच कुळातील हा वृक्ष होय. म्हणजे रंध्याला हात घालण्यापूर्वीच कारागिरास ठरवावे लागते की, आपली मासोळी वाऱ्यातून किती दूर जावी, पाण्यावर नाचावी की पाण्याखाली पोहावी.

मग चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांचा मध्य काढून आरपार भोक पाडायचे. हे काम दिसते तितके सोपे नाही. लांब गिरमीट लाकडाच्या रेषांबरोबर वाहवत जाते. म्हणून पुष्कळ जण दोन्ही टोकांकडून भोक पाडीत आणून मधोमध गाठ घालतात. ही गाठ चुकली, तर पुढचे सर्व श्रम वाया. त्यानंतर लाकूड चरकावर, ज्यास हल्ली लेथ म्हणतात, फिरते ठेवून पटाशीने कातायचे. पोटाशी शिशाचे वजन बसवण्यासाठी खळगा, आणि गळ टांगण्यासाठी आणखी एक भोक. अखेरीस नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार ओवतात. तीच तार पोटातल्या भोवरकडीच्या कड्यातून जाते. याचे कारण मार्मिक आहे. मासा मोठा असला आणि धडपडीत लाकूड फुटले, तरी काठीचा दोर, तार आणि गळ यांची साखळी तुटत नाही. जो भाग दिसतो तो लाकडाचा, परंतु ज्यावर सर्व भार पडतो तो आत दडलेला असतो. विद्येचेही असेच आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नको.

तार ओवण्यापूर्वी लाकडास पाण्यापासून राखण्यासाठी जवसाच्या तेलात अथवा पातळ रोगणात मुरवतात आणि दिवसचे दिवस वाळू देतात. येथे उतावळेपणाचा दंड रोख मिळतो. ओलसर लाकडावर रंग चढवला की तो पहिल्याच फेरीत पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मग पाणी आत शिरून लाकूड फुगते व तडकते.

सावंतवाडीचे लाकडी आंबे व केळी ज्याने पाहिली असतील, त्यास वाटेल की मासोळीचे सर्व मर्म रंगातच असावे. सावंतवाडीच्या चिताऱ्यास माणसाचा डोळा फसवायचा असतो. तेथे रंगच प्रमाण. परंतु समुद्रातला परीक्षक निराळा आहे. पट्टेरी बास पुष्कळदा रात्री शिकार करतो आणि भक्ष्याकडे खालून पाहतो. आकाशाच्या अंधुक प्रकाशावर उमटणारी आकृती त्यास दिसते. म्हणूनच काळोख्या रात्री कित्येक अनुभवी मच्छीमार साधा काळा प्लग पसंत करतात. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर जी बारीक छिद्रांची ओळ असते, तीमुळे त्यास पाण्यातील हालचाल अंगानेच कळते. यास्तव खवले कितीही सुंदर रंगवले, तरी चाल बिघडली तर मासोळी व्यर्थ.

आणि ही चाल साधणे हीच खरी विद्या. नाकाशी धातूची तिरपी जीभ बसवली की पाणी तिच्यावर आदळून मासोळीस डावी-उजवीकडे डोलवते. तोंड खोलगट केले की ती पाण्यावर फटकारे मारीत तुषार उडवते. शेपटीत वजन घालून पुढचा भाग निमुळता ठेवला, तर काठीच्या झटक्यांसरशी ती पृष्ठभागावर नाचते. ही शेवटची तऱ्हा केप कॉड कालव्याच्या काठी प्लग बनवणाऱ्या स्टॅन गिब्ज यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच कालव्याच्या काठी लोकांनी त्यांचा पुतळाही उभारला आहे. शिसे खाली बसवले तरच मासोळी पालथी होत नाही, कारण वजनाचे केंद्र तरंगण्याच्या केंद्राखाली राहावे लागते. आर्किमिडीजचा सिद्धान्त आम्ही सर्वांनी पाठ केला आहे. पण ज्याने पाण्याच्या बादलीत मासोळी सोडून, ती कुशीवर कलंडताच आणखी गुंजभर शिसे घालून ती सावरली, त्यास तो समजला आहे. नाकाची कडी केसभर वाकवली की डोलण्याची तऱ्हा बदलते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा बोटांस आधी कळते.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, ही मासोळी हा बुद्धीचाच व्यवहार आहे. किंबहुना हिच्या परीक्षेत एक गुण असा आहे, जो आमच्या कागदी परीक्षांत नाही. कागदावर अर्धवट उत्तरास अर्धे गुण मिळतात, सुंदर अक्षरास परीक्षक भुलतो, आणि पाठांतराने ज्ञानाची उणीव झाकता येते. पाणी यांपैकी काहीच करीत नाही. ते कारागिराचे नाव विचारीत नाही, जात विचारीत नाही, मागल्या वर्षीचा क्रमांक विचारीत नाही. मासोळी पोहते किंवा पोहत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, कारखान्यात प्लॅस्टिकची मासोळी स्वस्त व एकसारखी होत असता हा खटाटोप कशाला? याचे उत्तर आम्ही सरळ देतो: माशासाठी नव्हे. १९८२ साली न्यू जर्सीतील अटलांटिक सिटी येथे ७८.५ पौंड वजनाचा पट्टेरी बास धरला गेला आणि तो जागतिक विक्रम २०११ सालापर्यंत टिकला. तो मासा कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या आमिषासच लागला होता. तेव्हा हातच्या वस्तूने मासा अधिक मिळतो, अशी बढाई आम्ही मारणार नाही. हातकामाचा लाभ वस्तूपेक्षा करणाऱ्यास होतो. गणकयंत्र अचूक बेरीज करते, म्हणून आपण मुलांस बेरीज शिकवणे सोडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जीवास फसवून गळास लावण्याच्या कलेची स्तुती शाळेच्या अंकात करावी काय? कौशल्य हे दुधारी असते, हे आम्ही नाकारीत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पट्टेरी बासाची संख्या झपाट्याने घटली. १९८४ साली अमेरिकन काँग्रेसने त्याच्या रक्षणाचा कायदा केला, १९८५ साली मेरीलँड राज्याने त्याची मासेमारी पूर्ण बंद केली, आणि १९९५ साली तो पुन्हा सावरल्याचे जाहीर झाले. पुढे २०१९ च्या पाहणीत त्याची संख्या पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे आढळले. धरून सोडून दिलेल्या दर शंभर माशांतले सुमारे नऊ तरीही मरतात, असा हिशेब तेथील शास्त्रज्ञ धरतात. परंतु याच इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. बॉब पाँड या मॅसॅच्युसेट्सच्या गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास 'ॲटम' नावाचा प्लग करून मोठे नाव मिळवले. हाच मनुष्य पुढे नद्यांतील प्रदूषण व या माशाची खालावलेली वीण यांविषयी लोकांस जागे करण्यात झिजला. ज्याने माशाची चाल लाकडात उतरवण्यासाठी त्याचे इतके निरीक्षण केले, त्यास त्याच्या ऱ्हासाची चाहूल इतरांच्या आधी लागावी, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. आजही कित्येक कारागीर तीन काट्यांच्या गळाऐवजी एकच काटा लावतात व त्याचे उलटे टोक चेपून टाकतात, म्हणजे सोडलेला मासा जगावा. लक्षपूर्वक केलेल्या कामातून विवेक जन्मतो, तो असा.

आता आपल्या घराकडे वळू. शिक्षणाच्या मध्यभागी हस्तोद्योग असावा, हा विचार १९३७ सालच्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावे, असा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे, परंतु दहा दिवस अपुरे आहेत. दहा दिवसांत मुलगा सुतार पाहील. लाकूड ओळखू लागणार नाही. ज्या मासोळीचे केवळ तेल वाळण्यासच कित्येक दिवस लागतात, तिची विद्या सहलीत कशी मिळावी? चुकलेले भोक पुन्हा पाडण्यास, कलंडलेले वजन पुन्हा सावरण्यास, आणि त्यात लाज न वाटण्यास वेळ लागतो. तो वेळच खरे शिक्षण होय.

म्हणून आमची मागणी थोडी पण निश्चित आहे. ज्या शाळांत सुतारकामाची बाकडी अडगळीत पडली आहेत, तेथे ती झाडून पुन्हा मांडावीत. पाचवीपासून नववीपर्यंत प्रत्येक मुलास, आणि मुलीसही, आठवड्यास दोन तास एखादी वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करू द्यावी. आणि ती वस्तू अशी असावी की, तिचा निकाल शिक्षकाने नव्हे तर तिच्या उपयोगानेच द्यावा. कोकणातल्या शाळेत ती गरवण्याची मासोळी असेल, देशावर ती रहाटाची कप्पी असेल, शहरात ती डगमगणार नाही अशी तिपाई असेल. वर्गातील पहिला आणि शेवटचा विद्यार्थी त्या बाकड्यापाशी शेजारी उभे राहोत.

मिशन शाळेत तर यास विरोध होण्याचे कारणच नाही. ज्याच्या नावाने या शाळा उभ्या राहिल्या, तो नासरेथचा सुतार होता, आणि त्याने आपले पहिले शिष्य गालील समुद्राच्या काठी जाळी टाकणाऱ्यांतून निवडले. रंधा आणि गळ यांस आमच्या विद्यामंदिरात मागच्या दाराने यावे लागू नये.