निर्देशांक चढला, पण गल्ल्यात काय आले?

पूर्वी सकाळी दुकान उघडले की शेजारचा व्यापारी सुताचा भाव विचारी. आता तो आधी सेन्सेक्स विचारतो. विचारायला हरकत नाही, पण या आकड्याचा अर्थ न समजता धंद्याचे भांडवल त्याच्यामागे लावणे धोक्याचे आहे.

समजा, माझ्या गोदामात कापडाचे 1000 तागे आहेत आणि आज एक तागा 2,000 रुपयांना गेला. त्या भावाने माल 20 लाखांचा झाला. पण सगळे तागे आजच विकायला काढले, तर हा भाव कोण देईल? कंपनीचे बाजारमूल्य असेच काढतात. शेवटच्या सौद्याचा भाव घ्यायचा आणि त्याला एकूण शेअरने गुणायचे. कंपनीचे 1 कोटी शेअर आहेत आणि भाव 200 रुपये आहे, तर बाजारमूल्य 200 कोटी. एके दिवशी फक्त 10 हजार शेअर 190 रुपयांनी विकले गेले, तर सौदा होतो 19 लाखांचा, पण बाजारमूल्य घटते 10 कोटींनी! वर्तमानपत्रात ‘इतके कोटी बुडाले’ असे छापून येते, ते याच हिशेबाने. चढत्या बाजारात ‘कमावलेले’ कोटीही असेच कागदावरचे असतात. रोकड हातात येते ती विकणाऱ्याच्याच.

आता सेन्सेक्सची हकीकत. मुंबई शेअर बाजाराने तो 1986 साली सुरू केला आणि 1978-79 हे वर्ष 100 धरले. त्यात फक्त 30 कंपन्या आहेत. सप्टेंबर 2003 पासून प्रवर्तकांकडचे शेअर वगळून, बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या किमतीवर प्रत्येक कंपनीचे वजन ठरते. म्हणून दोन-चार मोठ्या कंपन्या चढल्या की बाकीच्या निम्म्या पडल्या तरी आकडा वर जाऊ शकतो. शिवाय ही यादी बदलत असते. जानेवारी 2009 मध्ये सत्यमच्या अध्यक्षांनी खोट्या हिशेबाची कबुली दिली. कंपनी सेन्सेक्समधून निघाली आणि तिच्या जागी सन फार्मा आली. निर्देशांकाने कंपनी बदलली, पण ज्याच्या घरी सत्यमचे शेअर होते, त्याला कोणी बदलून दिले नाहीत.

हे मी स्वतः पोळून शिकलो आहे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्सने 21 हजारांचा टप्पा गाठला, तेव्हा सुताच्या बिलासाठी ठेवलेली रक्कम मी एका कंपनीत घातली. ऑक्टोबरात सेन्सेक्स 9 हजारांच्याही खाली बंद झाला. सूतवाल्याची तारीख आली आणि मला मिळेल त्या भावाने शेअर विकावे लागले. नोव्हेंबर 2010 मध्ये सेन्सेक्स पुन्हा 21 हजारांवर बंद झाला, पण माझी कंपनी तिच्या जुन्या भावाला पोहोचलीच नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, शेअर जरूर घ्या. मात्र सुताचे, मजुरीचे आणि भाड्याचे पैसे त्यात घालू नका. जी रक्कम पाच-सात वर्षे लागणार नाही, तीच गुंतवा. आणि घेण्यापूर्वी त्या कंपनीचा ताळेबंद, तिच्यावरचे कर्ज आणि प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण टाकले आहेत, हे पाहा. उधारीवर माल देताना गिऱ्हाइकाची आपण जितकी चौकशी करतो, तितकी तरी करायलाच हवी.