तेलांतील भेसळ व शेतकरी

रॉकेल व डिझेल हीं दोन्हीं तेलें एकाच भूगर्भतेलापासून निघतात. दिसण्यांतही फारसा फरक नसतो. म्हणून एकाच्या जागीं दुसरें चालेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत यंत्रास घातक असून कायद्यासही मान्य नाहीं.

भूगर्भतेल तापविलें असतां जें आधीं वाफ होऊन निघतें तें पेट्रोल, मग रॉकेल व त्याहून अधिक उष्णतेवर डिझेल. पेट्रोल थंड हवेंतही पेटती वाफ सोडतें. तें स्टोव्हांत घालणें म्हणजे मरणास आमंत्रण होय. रॉकेल पातळ असल्यानें वातीवर सहज चढतें. डिझेल जड, तें कंदिलांत घातल्यास नुसती काजळी धरते. उलट डिझेल इंजिनाच्या तेलपंपास वंगण मिळतें तें त्या डिझेलचेंच. त्यांत रॉकेल मिसळलें कीं स्निग्धता उतरते व आंतले भाग झिजतात. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे लहान पंप निराळे. त्यांची घडणच त्या तेलाकरितां असते.

आतां कायदा पाहूं. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानें रॉकेल व डिझेल यांस एकाच वर्गांत घातलें आहे. एका ठिकाणीं एकूण 2,500 लिटरपर्यंत, व कोणतेंही भांडें 1,000 लिटरांहून मोठें नसल्यास, सांठा करण्यास परवाना लागत नाहीं. पेट्रोलची ही सवलत, तें विक्रीकरितां नसेल तरच, अवघी 30 लिटरांची आहे. रेशनचें निळें रॉकेल 1993 च्या आदेशान्वयें स्वयंपाक व दिवाबत्ती यांकरितांच आहे. वाहनाच्या इंधनांत भेसळ करणें हा 2005 च्या आदेशानें गुन्हा ठरला असून त्यामागें 1955 च्या जीवनावश्यक वस्तु कायद्याचें बळ आहे.

हे नियम केवळ कागदी नव्हेत. दि. 25 जानेवारी 2011 रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलाची भेसळ पकडावयास गेलेले मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस भेसळखोरांनीं जिवंत जाळलें. आम्हीं महसूल खात्याचें मीठ खाल्लें आहे. कारवाईस निघालेल्या अंमलदाराच्या जिवाला किती धोका असतो, हें आम्हांस कोणी सांगावयास नको.

त्या वेळीं रेशनचें रॉकेल डिझेलहून फार स्वस्त होतें व तेंच भेसळीचें मूळ होतें. सन 2020 च्या मार्चपासून रॉकेलवरील सरकारी मदत थांबली. तथापि लोभ थांबला नाहीं. रॉकेलची जागा औद्योगिक तेलांनीं घेतली. कित्येकदां तीं जैविक डिझेल या नांवाखालीं खपविलीं जातात.

आमच्या दापोड्यास, तसेंच रहनाळ, पूर्णा व वळ या शेजारच्या गांवीं, भातखाचरांच्या जागीं गोदामें उभीं राहिलीं व मालमोटारींची रात्रंदिवस वर्दळ सुरू झाली. अशा ठिकाणीं कोणी पिंपांतलें स्वस्त डिझेल दारीं आणून देऊं करील, तर तें कोठून आलें हें विचारणें आपलें काम आहे. गरिबाचे चार पैसे वांचले तर बिघडलें काय, असें कांहींजण म्हणतील. बिघडतें तें नांगरणीच्या ऐन हंगामांत टिलरचें इंजिन. आणि घेणारा नसता तर भेसळ करणाराही नसता.

म्हणून आमची सूचना अशी: डिझेल परवानाधारक पंपावरूनच, पावती घेऊन खरेदी करावें. तेथें घनता मोजण्याचें साधन ठेवावें लागतें. संशय येतांच मोजणी मागावी. रॉकेल हलकें असल्यानें तें मिसळल्यास घनता उतरते. संस्थेनें सभासदांकरितां एकत्र खरेदी केल्यास ही तपासणी अधिकच सोपी होईल. भेसळ आढळल्यास पुरवठा अधिकाऱ्यास लेखी कळवावें, तोंडी नव्हे. ज्या कामाकरितां एका अंमलदारानें प्राण वेंचला, त्याला शेतकऱ्यानें एक अर्ज देऊन हातभार लावावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.