आषाढात गल्ला थंड असतो, तेव्हा रामेश्वरला वारा असतो

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं की दुकानदाराने वर्षातून आठ दिवस तरी सलग सुट्टी घ्यावी, तर बॅचमधल्या निम्म्या लोकांचा एकच प्रश्न: "मॅडम, दुकान कोण बघणार?" त्याचं उत्तर देतेच. पण आधी सुट्टी कुठे आणि कधी ते बोलू. कारण माझं मत असं आहे की आपण सुट्टीची तारीखच चुकीच्या जागेवरून ठरवतो. मुलांना मे महिन्यात सुट्टी, म्हणून आपण मे महिन्यात. सगळे दिवाळीत निघतात, म्हणून आपणही. म्हणजे तिकीट सर्वांत महाग असतं तेव्हा, आणि गल्ला सर्वांत गरम असतो तेव्हा!

मी सुचवते ते ठिकाण तुम्हाला माहीत आहे, पण वेगळ्या कारणासाठी. रामेश्वर. आपल्याकडे काशी-रामेश्वर म्हणजे म्हातारपणीची यात्रा. पण रामेश्वर हे पांबन नावाचं बेट आहे. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात, दोन्हीकडे समुद्र. काइटबोर्डिंग शिकण्यासाठी देशात जी मोजकी चांगली ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

काइटबोर्डिंग म्हणजे काय? पायाखाली फळी, कमरेला हार्नेस, हातात बार, आणि वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला भला मोठा पतंग. पतंग ओढतो, आपण पाण्यावरून सरकतो. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये याचाच एक प्रकार होता. वाऱ्याचा वेग साधारण 12 नॉट, म्हणजे ताशी 22 किलोमीटर तरी लागतो. त्याखाली पतंग तुम्हाला नीट ओढत नाही आणि तुम्ही किनाऱ्यावर चहा पीत बसता.

म्हणून या ट्रिपचा मालक तुम्ही नाही, वारा आहे. रामेश्वरला साधारण मे ते सप्टेंबर दक्षिणेकडून वारा येतो, आणि डिसेंबर ते मार्च उत्तरेकडून. मधल्या दिवसांत भरवसा नाही. आता जुलै महिना डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे धो धो पाऊस, आषाढ, लग्नसराई संपलेली, गिऱ्हाईक घरात. तिकडे त्याच दिवसांत कोरडं असतं, कारण तामिळनाडूच्या त्या किनाऱ्याचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. आपल्याकडे जून-जुलैमध्ये मासेमारी बंद, बाजारात बर्फातला माल. तिकडच्या पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिलला सुरू होते आणि 14 जूनला संपते. म्हणजे जुलैमध्ये वारा आहे, ताजी मासळी आहे आणि तुमचा धंदा मंद आहे. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात जुळतात. एवढं जुळल्यावर मे महिन्याची गर्दी कशाला?

अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. छत्री-रेनकोटवाले, कृषी सेवा केंद्रवाले, राख्यांचे होलसेलर, तुमचा जुलै म्हणजे सोनं. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीचा उत्तरेचा वारा धरा.

आता "आरामात" या शब्दाबद्दल. आरामाची ट्रिप म्हणजे प्लॅनच नाही, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. दोन-तीन गोष्टी घट्ट बांधल्या, तरच बाकीचा दिवस मोकळा राहतो. बेसिक कोर्स साधारण आठ-दहा तासांचा असतो, तीन दिवसांत विभागलेला. पण तीन दिवसांसाठी तीनच दिवस ठेवले आणि एक दिवस वारा पडला, तर कोर्स अर्धवट आणि परतीचं तिकीट डोक्यावर. तीन दिवसांच्या कोर्सला पाच दिवस द्या. माल मागवताना आपण बफर स्टॉक ठेवतो ना, तसंच. उरलेल्या वेळात काय करायचं हे ठरवूच नका. पांबनचा पूल बघा. रेल्वेचा नवा पूल 6 एप्रिल 2025 ला सुरू झाला, जहाज आलं की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. धनुष्कोडीला जा, 1964 च्या वादळात उद्ध्वस्त झालेलं गाव तसंच पडलेलं आहे. तिथे पोहायला मात्र उतरू नका, प्रवाह वाईट आहेत. आई-बाबांना बरोबर नेलंत तर त्यांचं ज्योतिर्लिंगाचं दर्शन आणि बावीस तीर्थांचं स्नान होतं, आणि तुम्ही पाण्यात असताना त्यांना कंटाळा येत नाही.

हा खेळ व्हिडिओ बघून शिकू नका. हो, व्हिडिओ बनवणारी बाई हे सांगतेय! प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षकच हवा, आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर पाण्यात उतरायचं नाही. पहिल्याच वर्षी किट विकत घेऊ नका. भाड्याने मिळतं.

खाण्याचं म्हणाल तर "फ्रेश सीफूड" अशी पाटी वाचून आत शिरू नका. पाल्कच्या बाजूला नियम आहे: यांत्रिक बोटी आठवड्यातले तीन दिवस जातात, उरलेले चार दिवस देशी होड्या. त्यामुळे सकाळी उतरणीच्या जागी जाऊन आज काय आलंय ते विचारायचं आणि त्यावरून जेवण ठरवायचं. चिंबोरी असेल, माकूल असेल, नाहीतर नेत्तिली, म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली बारीक मासळी, कुरकुरीत तळलेली. चिंचेच्या कोळातलं मीन कुळंबू आणि भात. आणि एक गंमत, जो वारा तुम्हाला हवा असतो, तोच फार वाढला की होड्या समुद्रात जात नाहीत. मग त्या दिवशी देवळाजवळ केळीच्या पानावरचं शाकाहारी मील्स जेवा. तेही ताजंच असतं. ताडगोळे दिसले तर सोडू नका.

आता दुकान. बीबीएला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवतात, पण गल्ल्यावर बसल्यावर आपण विक्रीचा आकडा बघून घाबरतो. समजा आषाढात रोजची विक्री 8,000 आणि मार्जिन 20 टक्के. मग दुकान पूर्ण बंद ठेवलं तरी दिवसाचं नुकसान 8,000 नाही, 1,600. आठ दिवसांचे 12,800. आणि त्यातलं बरंचसं गिऱ्हाईक नंतर येऊन घेतंच, कारण डाळ-साबण कोणी कायमचं टाळत नाही. मदतनीस अर्धा दिवस बसला तर आकडा आणखी खाली येतो. प्रवासाच्या पैशासाठी रोज गल्ल्यातून 100 रुपये वेगळे काढा. 300 दिवसांत 30,000 होतात.

माझ्या दुकानात मी निघायच्या आधी महिनाभर रोज दोन तास बाहेर बसते, फोन बंद ठेवून. मदतनिसाला कुठे अडतं ते तेव्हाच कळतं: उधारीची वही, युपीआयचा साउंडबॉक्स, एखादा सप्लायर जो फक्त माझ्याशीच बोलतो. ती यादी सुधारली की आठ दिवस काढता येतात. ज्याला ही यादीच करायची नाही, त्याने बेटावर जाऊनही दर अर्ध्या तासाला दुकानात फोनच करायचा आहे. त्याने तिकीट काढू नये, हे माझं स्पष्ट मत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आधी काइट स्कूलला फोन करा आणि त्यांचे चांगले दिवस विचारा. मगच मदुराईचं विमान किंवा रेल्वे बघा. मदुराईहून पुढे रस्त्याने साधारण 170 किलोमीटर. राहायची जागा सर्वांत शेवटी. आणि तारीख पक्की करण्याआधी पंचांग उघडा. घरात श्रावण पाळत असाल, तर आषाढ संपायच्या आत परत या, नाहीतर समोर चिंबोरी आणि तुम्ही दहीभात. श्रावणाच्या आधी अधिक मास येत असेल तर श्रावण पुढे सरकतो, तेवढे दिवस तुमचे.