वेगळे ठेवणे आणि वगळणे

‘यंत्राला मराठी झेपत नाही’ हे वाक्य आपल्या साहित्यिक वर्तुळात एखाद्या सुभाषितासारखे उद्धृत केले जाते. ते खोटे आहे, आणि त्याचे खोटेपण समजून घ्यायचे तर तिकीट यंत्रात, राउटरमध्ये किंवा रुग्णशय्येजवळच्या मॉनिटरमध्ये दडलेल्या संगणकाचे सॉफ्टवेअर कसे बांधले जाते, ते पाहावे लागेल.

अशा यंत्राच्या स्मृतीत जे काही जायचे त्या सगळ्याचा एक गठ्ठा आधी तयार होतो; त्याला ‘इमेज’ म्हणतात. २००३ साली सुरू झालेला ओपनएम्बेडेड आणि २०१० मध्ये जाहीर झालेला योक्टो प्रकल्प ही ती रचण्याची प्रसिद्ध साधने. सॉफ्टवेअर बांधून झाले की त्याच्या फायली निरनिराळ्या पॅकेजांत वाटल्या जातात. दोष शोधण्यासाठीची चिन्हे एकात, विकासकांना लागणाऱ्या फायली दुसऱ्यात, माहितीपुस्तिका तिसऱ्यात, आणि भाषांतरे तर भाषेगणिक वेगळी. पॅकेजांच्या यादीत मुख्य पॅकेज शेवटी येते. आधीच्या पॅकेजांनी जे उचलले ते त्याच्या वाट्याला येत नाही. एखादी फाइल कुठल्याच पॅकेजात बसली नाही, तर साधन तशी तक्रार नोंदवते.

या विभागणीवर माझा आक्षेप नाही. उलट तिचा मी समर्थक आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली भांडारकर संस्थेने हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी मुख्य संहितेबाहेर काढलेला मजकूर फेकून दिला नाही; तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला. वेगळे ठेवणे ही संपादनाची शिस्त आहे. वगळणे हा मात्र निर्णय आहे, आणि निर्णयाला कर्ता असतो.

इथेच खरी मेख आहे. ओपनएम्बेडेडच्या इमेज-रचनेत भाषांचे एक मूल्य आधीच भरलेले असते: जर्मन, फ्रेंच आणि ब्रिटिश इंग्रजी. सर्वांत छोट्या नमुना-इमेजमध्ये तर ही यादी कोरीच ठेवलेली आहे. ते मूल्य बदलता येते, एका ओळीत बदलता येते. परंतु ज्याने ती ओळ उघडलीच नाही, त्याने मराठी नाकारली असे त्याला स्वतःलाही वाटत नाही. न घेतलेल्या निर्णयाची ही निरागसता मला सर्वाधिक संतापजनक वाटते. कुणी मराठी अनुवादक रात्री जागून शब्द घडवतो, त्याचे काम रीतसर बांधले जाते, त्याचे स्वतंत्र पॅकेजही तयार होते. आणि ते यंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

जागेचा युक्तिवाद होईल. चार मेगाबाइट स्मृतीच्या राउटरपुरता तो मला मान्य आहे. मराठीला फक्त भाषांतर पुरत नाही. फॉन्ट हवा, जोडाक्षरे जुळवणारी व्यवस्था हवी, हेही मान्य. परंतु ज्या यंत्राला रंगीत पडदा आहे आणि शेकडो मेगाबाइट मोकळे आहेत, तिथे हा युक्तिवाद म्हणजे आळसाला दिलेले तांत्रिक नाव होय. विभागणी केलेली असल्यामुळेच एकटी मराठी उचलून घेता येते, बाकी साऱ्या भाषांचे ओझे न वाहता. तेव्हा ‘जमत नाही’ ही सबब विभागणीनेच हिरावून घेतली आहे.

आता आपल्याकडे वळू. भाषेच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवणारे आपण, सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या यंत्रांच्या खरेदी-अटींत ‘मराठी समाविष्ट असावी’ असे एक वाक्य घालावे म्हणून कधी अडून बसलो आहोत काय? संहितेच्या एका पाठभेदावर तासन्‌तास भांडणाऱ्या अभ्यासकाला या यादीचे वाचन परके वाटण्याचे कारण नाही. तीही एक संहिता आहे, आणि तिच्यातून आपण गळलो आहोत.

असो. शोकगीते पुष्कळ झाली; आता ती ओळ उघडावी.