स्वप्ननगरीतील पुढील हॉटेल आणि त्यात राबणारे हात

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ डिस्ने कंपनीची विस्तीर्ण करमणूकनगरी आहे. तिच्याभोवती गेली पन्नासहून अधिक वर्षे एक विरंगुळा अव्याहत चालू आहे, आणि तो म्हणजे कंपनी पुढील हॉटेल कोणत्या थाटाचे बांधणार याविषयी तर्क लढविण्याचा. एखाद्या तळ्याकाठची झाडी साफ होताना दिसली, बांधकाम परवान्यासाठी अर्ज दाखल झाला, की हौशी मंडळी कामाला लागतात. समुद्री चाच्यांच्या गलबताचे हॉटेल होईल काय? हिमराणीचा राजवाडा होईल काय? की भूमध्य समुद्राकाठचे एखादे खेडे उभे राहील? एखाद्या कल्पनेभोवती सजविलेल्या अशा वास्तूंना 'थीम हॉटेल' म्हणतात.

या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. कुटुंबासह चार दिवस सुखाने घालवावेत, मुलांना परीकथेतल्या घरात झोपवावे, अशी इच्छा कष्टकरी माणसालाही होते. किंबहुना त्यालाच ती अधिक होते. परंतु या साऱ्या तर्कवितर्कांत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या हॉटेलातील पलंगांच्या चादरी बदलणारी बाई रात्री कोठे झोपणार? हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी या हॉटेलांचा इतिहासच तपासून पाहावा.

देखावा कोण ठरवितो?

ही नगरी १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडली, तेव्हा तिच्यात दोन हॉटेले होती. एक 'कंटेम्पररी', ज्याच्या पोटातून मोनोरेल धावते, आणि दुसरे दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांच्या धर्तीचे 'पॉलिनेशियन'. यू. एस. स्टील या बलाढ्य पोलाद कंपनीने ती उभारली. खोल्या कारखान्यात जवळजवळ पूर्ण तयार करून आणावयाच्या आणि यारीने उचलून सांगाड्यात बसवावयाच्या, अशी ही पद्धत होती. त्याच कृत्रिम तळ्याभोवती आणखी तीन हॉटेलांचे बेत त्या वेळी जाहीर झाले होते: एक आशियाई थाटाचे, एक व्हेनिसच्या आणि एक इराणच्या धर्तीचे.

या तिहींपैकी एकही उभे राहिले नाही. १९७३ चे तेलसंकट आले. मोटारीने येणाऱ्या पाहुण्यांवर अवलंबून असलेल्या धंद्याने हात आखडता घेतला. आशियाई हॉटेलासाठी राखलेल्या जागेवर १९८८ मध्ये 'ग्रँड फ्लोरिडियन' उभे राहिले. त्याचा थाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत अमेरिकन ज्या समुद्रकाठच्या हॉटेलांत हवापालटासाठी जात असत, त्यांचा आहे. पुढे 'पॉप सेंचुरी' नावाचे स्वस्त हॉटेल बांधावयास घेतले असता २००१ मध्ये पर्यटनात मंदी आली. त्याचा अर्धा भाग कित्येक वर्षे अपुरा पडून राहिला आणि २०१२ मध्ये तो वेगळ्याच नावाने, वेगळ्याच सजावटीने उघडला. म्हणजे आशिया, इराण वा व्हेनिस हे कलावंताच्या कागदावर होते, परंतु शेवटचा शब्द तेलाच्या भावाचा आणि पाहुण्याच्या खिशाचा ठरला. पुढील हॉटेलाविषयी तर्क करू पाहणाऱ्यांनी हा धडा प्रथम लक्षात घ्यावा.

देखाव्यातून वगळलेला माणूस

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या हॉटेलांतून देश येतात, काळ येतात, अरण्ये येतात. परंतु ते देश ज्यांनी घडविले ती राबणारी माणसे येत नाहीत.

१९९२ मध्ये उघडलेले 'डिक्सी लँडिंग्ज' हे याचे ठळक उदाहरण होय. 'डिक्सी' हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील, एके काळी गुलामगिरीवर पोसलेल्या राज्यांचे लाडके नाव. हॉटेलातील काही इमारती मळेवाल्यांच्या खांबदार वाड्यांसारख्या बांधल्या आणि भोजनगृहाला कापसाच्या गिरणीचे रूप दिले. पांढरे खांब आले, वेलींनी वेढलेले बाग आले, कापूस दाबण्याचे यंत्रही आले. मात्र तो कापूस कोणी वेचला आणि कोणत्या चाबकाखाली वेचला, याचा मागमूसही या देखाव्यात ठेवला गेला नाही. २००१ मध्ये हॉटेलाचे नाव बदलून 'पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइड' करण्यात आले. पाटी बदलली, वाडे मात्र उभेच राहिले. मुंबईच्या लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये जुनी चिमणी शोभेसाठी राखलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. यंत्र शोभेला ठेवावयाचे आणि यंत्रावरचा माणूस पुसून टाकावयाचा, अशी ही रीत आहे.

जी गत भूतकाळातील श्रमाची, तीच आजच्या श्रमाची. डिस्ने कंपनी आपल्या कामगाराला कामगार म्हणत नाही. ती त्याला 'नटसंचातील सदस्य' म्हणते. त्याचा गणवेश हा 'पोशाख', पाहुण्यांसमोरची जागा 'रंगमंच' आणि उरलेली सारी 'पडद्यामागची' बाजू. फ्लोरिडातील मुख्य उद्यानाखाली तर कामगारांच्या ये-जा करण्यासाठी आणि कचरा वाहून नेण्यासाठी बोगद्यांचे जाळेच बांधलेले आहे. पाहुण्याच्या डोळ्यांना परीकथेतील राजवाडा दिसावा, झाडूवाला मात्र भलत्या वेळी दिसू नये, यासाठी हा खटाटोप. रंगभूमीच्या दृष्टीने ही व्यवस्था कौतुकास्पद असेलही. परंतु माणसाला नट म्हटल्याने त्याचे घरभाडे भरले जात नाही.

कामगारांचे शहर कोठे गेले?

येथे एका विसरलेल्या वचनाची आठवण देणे भाग आहे. वॉल्ट डिस्ने यांचे निधन डिसेंबर १९६६ मध्ये झाले. त्याआधी थोडेच दिवस चित्रित केलेल्या एका फितीत त्यांनी फ्लोरिडातील आपला बेत सांगितला होता. तेथे 'एपकॉट' नावाचे खरेखुरे शहर वसवावयाचे होते. त्यात झोपडपट्टी असणार नव्हती, प्रत्येकाच्या हाताला काम असणार होते आणि लोक माफक भाड्याच्या घरांत राहणार होते. अर्थात याच बेतात असेही होते की रहिवासी जमिनीचे मालक नसतील आणि म्हणून कारभारावर त्यांच्या मतांचा ताबाही नसेल. मालकाच्या मर्जीवरचे नंदनवन कसे असते, हे या एका अटीवरून कळते. तथापि कामगाराला राहावयास घर लागते, एवढे तरी त्या बेताला ठाऊक होते.

ते शहर झाले नाही. १९८२ मध्ये 'एपकॉट' उघडले ते आणखी एक तिकिटाचे उद्यान म्हणून. शहराऐवजी हॉटेले वाढत गेली आणि आज तेथे पंचवीस हजारांहून अधिक खोल्या आहेत. आफ्रिकेच्या गवताळ रानाचे, कॅरिबियन किनाऱ्याचे, पश्चिमेकडील अरण्याचे असे निरनिराळे देखावे उभे राहिले. माफक भाड्याच्या घरांचे वचन मात्र मागे पडले.

त्या घरांच्या जागी काय आले, हे पाहावयाचे असल्यास नगरीपासून थोड्या अंतरावर किसिमी गावाजवळून जाणारा १९२ क्रमांकाचा हमरस्ता पाहावा. पर्यटकांसाठी बांधलेली तेथील जुनी मोटेले हळूहळू गरिबांची घरे बनली. घर भाड्याने घेण्यासाठी लागणारी अनामत रक्कम एकदम उभी करता येत नाही, म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे आठवड्याच्या भाड्यावर एकेका खोलीत राहतात, आणि त्यांत पर्यटनाच्या धंद्यात राबणारेही आहेत. शॉन बेकर यांच्या २०१७ च्या 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' या चित्रपटाने हे जीवन जगापुढे आणले. चित्रपटातील मोटेलचे नाव 'मॅजिक कॅसल', आणि त्या नावाचे जांभळ्या रंगाचे मोटेल त्या रस्त्यावर खरोखरच होते. 'फ्लोरिडा प्रोजेक्ट' हे तर डिस्नेच्या मूळ बेताचेच कामचलाऊ नाव.

याच प्रदेशात मार्च २०२२ मध्ये कंपनीने आपल्या कल्पकतेचा कळस गाठला. 'गॅलेक्टिक स्टारक्रूझर' हे शंभर खोल्यांचे हॉटेल म्हणजे अवकाशयान होते. खिडक्यांच्या जागी पडदे, पडद्यांवर तारे, भोवती नटांचे चाललेले दोन दिवसांचे नाटक. दोन रात्रींसाठी दोघा पाहुण्यांना सुमारे ४,८०० डॉलर मोजावे लागत. त्या वेळी करारानुसार कामगाराची किमान मजुरी तासाला १५ डॉलर होती. म्हणजे ३२० तास, आठवड्याला चाळीस तास धरल्यास पूर्ण आठ आठवडे राबावे आणि त्यातील एक कपर्दिकही खर्च करू नये, तेव्हा कोठे त्या यानात दोघांच्या दोन रात्री. सप्टेंबर २०२३ मध्ये हे हॉटेल बंद पडले. भविष्यकाळाचा तो देखावा दोन वर्षेही टिकला नाही.

अनाहाइमचा धडा

मजुरी वाढविली तर हॉटेले बांधली जाणार नाहीत आणि रोजगार बुडेल, असा युक्तिवाद मालकवर्ग नेहमी करतो. कॅलिफोर्नियातील अनाहाइम शहरात, जेथे १९५५ पासून डिस्नेलँड आहे, या युक्तिवादाची परीक्षा झाली.

२०१६ मध्ये अनाहाइमच्या नगर परिषदेने डिस्नेच्या ७०० खोल्यांच्या नव्या आलिशान हॉटेलासाठी वीस वर्षांत मिळून सुमारे २६ कोटी ७० लाख डॉलरची करसवलत मंजूर केली. २०१८ मध्ये कामगार संघटनांच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत असे दिसले की डिस्नेलँडमधील दर दहा कामगारांपैकी एकाने मागील दोन वर्षांत केव्हा ना केव्हा बेघर अवस्था अनुभवली होती. संघटनांनी प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. शहराकडून सवलत घेणाऱ्या पर्यटन क्षेत्रातील मालकांनी कामगाराला किमान १५ डॉलर मजुरी द्यावी आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवावी, असा तो प्रस्ताव होता. तेव्हा कंपनीने स्वतःच सवलतीचे करार रद्द करून मागितले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हॉटेलाचा बेत सोडून दिला. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी प्रस्ताव मंजूर केला.

आपण आता सवलत घेत नाही, म्हणून हा नियम आपणांस लागू नाही, असा कंपनीचा दावा होता. कामगार न्यायालयात गेले. १९९० च्या दशकातील जुना करार ही सवलतच होय, असा निर्णय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ५० हजारांहून अधिक आजी-माजी कामगारांसाठी २३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली.

मग धंदा बुडाला काय? मुळीच नाही. त्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, कंपनीने अनाहाइममध्ये दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलर गुंतविण्याची हमी देऊन नव्या उद्यानांची व हॉटेलांची परवानगी मिळविली. फ्लोरिडातही हेच घडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील सहा संघटनांच्या कामगारांनी कंपनीचा अपुरा देकार ९६ टक्के मतांनी फेटाळला आणि किमान मजुरी वर्षअखेरपर्यंत १८ डॉलरवर आणण्याचा करार पदरात पाडून घेतला. त्यानंतर २०१८ मध्ये जाहीर होऊन रखडलेले तळ्याकाठचे हॉटेल 'लेकशोर लॉज' या नावाने पुन्हा हाती घेण्यात आले. उलट महासाथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, उद्यानांच्या विभागातील २८ हजार लोकांना नारळ देताना कंपनीला वाढीव मजुरीच्या सबबीची गरजही भासली नाही.

या कंपनीला कामगारांची एकजूट नवी नाही. १९४१ मध्ये तिच्या चित्रकारांनी संप केला आणि संघटनेस मान्यता मिळविली. सहा वर्षांनी वॉल्ट डिस्ने यांनी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे त्या संपामागे कम्युनिस्ट असल्याची साक्ष दिली. संघटना झाली, साक्षही झाली; मिकी माऊसच्या केसालाही धक्का लागला नाही.

काय पाहावयाचे?

तेव्हा पुढील हॉटेलाविषयी खुशाल तर्क करावेत. परंतु देखाव्याच्या जोडीला तीन गोष्टी पाहाव्यात: सार्वजनिक तिजोरीतून कोणती सवलत दिली गेली, मजुरीचा करार काय झाला, आणि राबणाऱ्यांच्या घरांची सोय कोठे केली. कंपनीने २०२२ मध्ये फ्लोरिडात सुमारे १,४०० परवडणाऱ्या घरांसाठी जमीन देण्याचे जाहीर केले. अनाहाइममध्येही घरांसाठी तीन कोटी डॉलरचे वचन दिले. कामगाराला त्या भागात घर परवडत नाही, ही गोष्ट यातून मान्यच झाली. फ्लोरिडातील सत्तर हजारांहून अधिक कामगारांच्या मानाने १,४०० घरे थोडी आहेत. तरीही जो प्रश्न अर्धशतक पडद्याआड ढकलला गेला, तो आता उघडपणे पुढे आला आहे.

मुलांचा आनंद आणि कामगाराचा हक्क यांत विरोध नाही. अवकाशयान असो वा हिमराणीचा राजवाडा, तेथे पाहुण्याचे मूल निश्चिंत झोपावे. आणि त्या खोलीची सफाई करून परतणाऱ्या बाईचे मूलही, पुढच्या आठवड्याचे भाडे कोठून आणावयाचे या चिंतेवाचून, स्वतःच्या घरी झोपावे. हे ज्या हॉटेलाच्या नकाशात बसत नाही, तो नकाशा कितीही रंगीत असला तरी अपुरा आहे, आणि तो पूर्ण करून घेण्याचे काम तेथील कामगारांनी आपल्या हाती घेतले आहे.