कांद्याचा गाभा

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यास निरोप देतांना वडीलधारी मंडळी पुष्कळ उपदेश करीत असतात. त्यांतील एक उपदेश अलीकडे फारच प्रिय झाला आहे. इतरांसारखें होण्याच्या नादीं न लागतां तूं स्वतःच हो, असें मुलांस सांगितलें जातें. हा उपदेश ऐकावयास गोड आहे, व तो खोटाही नाहीं. परंतु स्वतः होणें म्हणजे नेमकें काय करणें, हें सांगण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. ह्या प्रश्नाचा विचार करावयास लावणारें एक अभिजात नाटक आहे. नॉर्वे देशाचे नाटककार हेन्रिक इब्सेन ह्यांनीं १८६७ सालीं इटलींत असतांना लिहिलेलें ‘पीअर गिंट’ हें पद्यनाटक तें होय. १८७६ सालीं तें एडवर्ड ग्रीग ह्यांच्या संगीतासह प्रथम रंगभूमीवर आलें.

पीअर हा खेड्यांतील एका उधळ्या बापाचा मुलगा. बापानें सारी संपत्ति उडविली, तेव्हां आई ओसे हिनें घरचें दुःख विसरण्यासाठीं मुलास अद्भुत कथा सांगितल्या. पहिल्याच प्रवेशांत पीअर रेनडिअरच्या पाठीवर बसून कड्यावरून घेतलेल्या उडीची हकीकत इतक्या बहारीनें सांगतो कीं, आई भान विसरते. मग तिच्या ध्यानांत येतें कीं, ही तर दुसऱ्याच माणसाची, आपण तरुणपणीं ऐकलेली गोष्ट! ती संतापते, पण परक्यानें पीअरला नांवें ठेविलेलीं तिला खपत नाहींत. मुलाच्या लबाडीवर रागावणें आणि मनांतून तिचेंच कौतुक करणें, ह्या दोन गोष्टी एकाच घरांत कशा नांदतात, हें पाहण्यासाठीं पालकांनीं हा प्रवेश अवश्य वाचावा.

पुढें पीअर डोंगराच्या पोटांतील ट्रोल नांवाच्या राक्षसांच्या राज्यांत जातो. तेथील राजा त्यास मनुष्य व ट्रोल ह्यांतील भेद समजावून देतो. माणसांच्या जगांत स्वतःशीं खरें राहण्याची शिकवण आहे; ट्रोलांच्या जगांत स्वतःपुरतें पाहिलें म्हणजे झालें. राजकन्येच्या व राज्याच्या लोभानें पीअर शेपटी लावून घेतो, त्यांचें अन्न गिळतो. मात्र राजा त्याच्या डोळ्यास ओरखडा काढून दृष्टि पालटावयास निघतो, तेव्हां तो नकार देतो. त्याच्या नकाराचें कारण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कृत्य वाईट म्हणून तो नाहीं म्हणत नाहीं; एकदां केल्यावर तें परत फिरवितां येणार नाहीं म्हणून तो माघार घेतो.

आमच्या मतें पीअरच्या साऱ्या नाशाचें मूळ येथें आहे. तो मोठा दुष्ट नव्हे. परतीची वाट मोकळी ठेवल्याविना तो कशांतच पाऊल टाकीत नाहीं, एवढाच त्याचा दोष. सोल्वेग ही सुशील मुलगी आईबाप व घरदार सोडून त्याच्या रानांतील झोपडींत येते. त्याच वेळीं जुनें पाप त्याच्या दाराशीं उभें राहतें. तिच्यापुढें तें कबूल करण्याऐवजीं तो तिला वाट पाहावयास सांगून निघून जातो. परदेशीं तो गुलामांचा व्यापार करितो, चीन देशास मूर्ति पाठवितो, आणि पुढें पापाची भरपाई म्हणून त्याच देशास मिशनरीही पाठवितो. मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत हें लिहितांना आम्ही संकोच करीत नाहीं. एका हातानें अन्याय करून दुसऱ्या हातानें वर्गणी देणारे लोक आमच्याही मंडळींत असूं शकतात. शेवटीं कैरो शहरीं वेड्यांच्या इस्पितळांत पीअरला स्वत्वाचा सम्राट म्हणून मुगुट चढवितात. तेथील प्रत्येक जण स्वतःच्या पिंपांत स्वतःला कोंडून बसलेला आहे. दुसऱ्याच्या दुःखानें तेथें कोणाच्याही डोळ्यांस पाणी येत नाहीं.

ह्याच्या उलट एक लहानसें पात्र आहे. सैन्यांतील भरती टाळण्यासाठीं एक तरुण विळ्यानें आपलें बोट तोडतो. पीअर लपून तें पाहतो आणि थक्क होतो. असें मनांत आणतां येईल, पण प्रत्यक्ष करणें त्यास अशक्य वाटतें. पुढें पीअर म्हातारा होऊन मायदेशीं परततो, तों त्याच मनुष्याची प्रेतयात्रा चाललेली असते. पाळक उपदेशांत सांगतो कीं, हा देशाच्या कामीं उणा पडला. परंतु डोंगरावरील ओसाड जमीन त्यानें कसली, घर वाहून गेलें तें पुन्हां उभारिलें, आणि मुलांस बिकट कड्यावरून कधीं दोर बांधून तर कधीं पाठीवर घेऊन शाळेंत पोंचविलें. तीं मुलें अमेरिकेंत जाऊन श्रीमंत झालीं व बापास विसरलीं. बोट तोडणें आम्ही स्तुत्य मानीत नाहीं. तथापि ज्या कामास त्यानें आपणांस बांधून घेतलें, तेथून तो हलला नाहीं. पीअर मात्र हें ऐकून सुखावतो व ही जणूं आपलीच स्तुति आहे असें मानतो!

नंतर पीअर कांदा सोलूं लागतो. एकेका पापुद्र्यास तो आपल्या आयुष्यांतील एकेका सोंगाचें नांव देतो आणि गाभा शोधीत जातो. पापुद्रे संपतात, गाभा सांपडत नाहीं. मग त्यास गुंड्या ओतणारा ओतारी भेटतो व आपली पळी दाखवून म्हणतो कीं, तुला वितळवून इतरांत मिसळावयाचें आहे. नरकास पात्र होण्याइतकें मोठें पापही तुझ्या हातून झालें नाहीं. जगाच्या वस्त्रावर शोभण्यासाठीं घडविलेल्या ह्या गुंडीस नाकेंच राहिलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या नाक्याचा विचार करा. गुंडी कितीही चकचकीत असली तरी ज्याच्या योगें ती वस्त्रास शिवली जाते तें नसेल, तर तिचा उपयोग काय? आमचें म्हणणें एवढेंच कीं, खरें स्वत्व आंत खोल कोठें तयार ठेविलेलें नसतें. कोणाशीं तरी, कशाशीं तरी कायमचें बांधलें जाण्यानें तें घडतें. जो आपला जीव राखूं पाहतो तो त्यास मुकतो, ही शुभवर्तमानांतील शिकवण येथें नाटककारानें जिवंत करून दाखविली आहे.

शेवटीं पेन्टेकॉस्टच्या पहाटे पीअर त्याच झोपडीशीं येतो. दृष्टि अधू झालेली सोल्वेग त्यास क्षमा करिते, आणि त्याचें खरें स्वरूप आपल्या विश्वासांत, आशेंत व प्रीतींत होतें असें सांगते. ही सुटका फार स्वस्तांत झाली, असा आक्षेप कित्येक घेतात. आम्हांसही वाटतें कीं, तिच्या क्षमेनें तिचीं गेलेलीं वर्षें परत येत नाहींत. नाटककारही हें विसरलेला नाहीं. घरामागून ओताऱ्याचा आवाज पुन्हां ऐकूं येतोच.

तूं पुढें कोण होणार, असें आम्ही शिक्षक व पालक मुलांस वारंवार विचारतों. तूं कोणाच्या उपयोगीं पडणार, असें फारच क्वचित् विचारतों. हा दोष आमचा आहे, व तो आम्हीच सुधारावयास हवा. मुलांनींही दिलेला शब्द, हातीं घेतलेलें काम आणि केलेल्या चुकीची कबुली, ह्या तीन ठिकाणीं वळसा घालून जाण्याची संवय लावून घेऊं नये. गाभा घडतो तो तेथेंच.