हिटलर, आमची आळी आणि एक बारकंसं पुस्तक

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी "काहीतरी लिही गं" असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळलंच होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बोलायचं मराठी पक्कं अलिबागचं, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! तरी हा विषय इंग्रजीत लिहावासा वाटेना. तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाचं जरा सांभाळून घ्या.

आधी एक कबुली देते. अकरावीत असताना वक्तृत्व स्पर्धेत 'माझा आदर्श नेता' या विषयावर मी हिटलरवर बोलले होते. शिस्त, देशप्रेम, पडलेल्या देशाला उभं करणं वगैरे वगैरे. शेवटी "फक्त ज्यूंच्या बाबतीत त्याचं चुकलं" असं एक वाक्य टाकलं होतं, बॅलन्स म्हणून! टाळ्या पडल्या, दुसरा नंबर आला.

आता गंमत बघा. हे भाषण मी पाठ केलं कुठे, तर ज्यूंच्या शेजारी. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ नावाचं सिनेगॉग आहे. आपल्याकडचे बेने इस्रायली. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी त्यांची कथा आहे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर. बोलणं तुमच्या-आमच्यासारखं. आमच्या ओळखीच्या एक आजी होत्या, त्यांच्या ओटीवर बसून मी भाषण घोकत असे. त्या मलिद्याची बशी पुढे करायच्या (गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं) आणि ऐकत बसायच्या. एकदाच म्हणाल्या, "बाळा, जरा जोरात बोल. मागच्या रांगेत ऐकू जायला हवं."

बस्स, एवढंच. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही.

गेल्या सेमिस्टरला लायब्ररीत एली वीझेल यांचं 'नाइट' हाती लागलं. बारीक आहे म्हणून घेतलं, खोटं कशाला बोलू! एका रात्रीत संपलं आणि नंतर झोप आली नाही. हा मुलगा ट्रान्सिल्व्हानियातल्या सिगेत गावचा. मे १९४४ मध्ये घरच्यांसकट त्याला मालगाडीत कोंबून ऑशविट्झला नेलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. उतरल्यावर एक कैदी त्याला म्हणतो, वय अठरा सांग. आई आणि धाकटी बहीण तिथेच वेगळ्या रांगेत गेल्या त्या कायमच्या.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दोन ठिकाणी. एक, अगदी सुरुवातीला. गावातला गरीब मोइशे आधीच्या हकालपट्टीतून, कत्तलीतून जीव वाचवून परत येतो आणि घरोघर सांगत फिरतो की असं असं झालं. कोणीही विश्वास ठेवत नाही. वेड लागलंय म्हणतात. दुसरं, वडील जातात तेव्हाचं. जानेवारी १९४५, बुखेनवाल्डची छावणी. सुटका झाली ११ एप्रिलला, म्हणजे अडीच महिनेसुद्धा राहिले नव्हते. वडील गेल्यावर आपल्याला आतून कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हे वीझेल लिहून टाकतात. लपवत नाहीत. असं स्वतःबद्दल लिहायला काय लागत असेल? मला माझं अकरावीचं भाषण इथे सांगतानाही दहादा खोडावं लागलं.

मग मी इंजिनिअरिंगवाल्यांच्या सवयीने शोधत बसले की ही यंत्रणा बनवली कोणी. एरफुर्ट शहरातली टोफ अँड सन्स ही भट्ट्या बनवणारी कंपनी. ऑशविट्झच्या भट्ट्या त्यांच्या, गॅस चेंबरमधली हवा बाहेर खेचणारी व्हेंटिलेशन यंत्रणाही त्यांचीच. त्यांच्या फ्रिट्झ झांडर या इंजिनिअरने १९४२ मध्ये प्रेतं सलग जाळत राहील अशा भट्टीचं डिझाइन करून पेटंटचा अर्ज केला होता. पेटंट! म्हणजे हा माणूस ड्रॉइंग बोर्डवर बसून कपॅसिटी वाढवत होता. आपण सबमिशनला जे करतो तेच. त्या कंपनीच्या जागेवर आता स्मारक आहे.

होस्टेलवर हे सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "अगं, पण शिस्त बघ ना! आपल्याकडे असाच माणूस पाहिजे." स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या ढिगात 'माइन काम्फ' असतंच, मॅनेजमेंटच्या पुस्तकांच्या शेजारी. माझं म्हणणं असं की त्या शिस्तीचंच तर हे पुस्तक आहे. वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, रांगा, नंबर, मोजणी. 'चांगली' शिस्त बाजूला काढून उरलेली चूक म्हणायची, असं करता येत नाही. मी माझ्या एका वाक्यात तेच केलं होतं.

एकाने विचारलं, मग आता गाझाचं काय? प्रश्न बरोबर आहे. ऑक्टोबर २०२३ पासून मेलेल्या मुलांचे आकडे वाचताना मला हेच पुस्तक आठवतं. वीझेल वाचून कुठल्याही सरकारला सर्टिफिकेट मिळत नाही, माझ्या मते तरी. पंधरा वर्षांचं पोर कुठल्याही बाजूला पंधरा वर्षांचंच असतं.

आजी आता अलिबागला नाहीत, अश्दोदला लेकीकडे असतात. दिवाळीच्या सुट्टीत आईच्या फोनवरून मी त्यांना व्हॉट्सअॅप कॉल केला आणि भाषणाचं विचारलंच. "आजी, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत हो?"

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझी स्पर्धा होती ना गं. आणि आमच्यातलं कोणी गेलं नाही त्यात, आम्ही इथेच होतो, सुखात." मग आईची गुडघेदुखी विचारली, आळीतल्या विहिरीचं विचारलं आणि किनाऱ्यावर आता गर्दी फार होते का, तेही.

पुस्तक सध्या "हिटलर पाहिजे" म्हणणाऱ्या आमच्या मित्राकडे आहे. तीन आठवडे झाले, परत आलेलं नाही, फाइन माझ्या नावावर चढतोय. पुढचा नंबर कोणाला हवा असेल तर लेडीज होस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा.